मांद्रेला, कमरेएवढ्या पाण्यात

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं गोव्याला गेलो आणि तिथे सर्फिंग शिकलो. म्हणजे समुद्रात लांब फळी घेऊन जायचं, लाट आली की तिच्यावर पालथं पडायचं आणि जमलं तर उभं राहायचं. मी, माझे मिस्टर आणि आमची मुलगी प्राची. शाळा उघडल्यावर हे सांगितलं तर आमच्या मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "काहीतरीच सांगता तुम्ही." शेवटी मोबाईलमधला फोटो दाखवला. फोटोत मिस्टर पिवळ्या, अंगाला चिकटलेल्या शर्टात उभे आहेत, खालचा ओठ सुजलेला आहे आणि तोंडभर हसताहेत. ओठ कसा सुजला ते मी सगळ्यांना सांगितलं. हसत का होते ते सांगायला जरा वेळ लागतो, म्हणून लिहून काढते आहे.

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्याचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मिस्टर शेती पाहतात. प्राची पुण्यात नोकरी करते. एप्रिलमध्ये तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. मुलगा हिंगणघाटचा, घरचं कापडाचं मोठं दुकान, नावं ठेवण्यासारखं काही नाही. साक्षगंधाला आठ दिवस असताना प्राचीचा फोन आला. मुलगा तिला रोज विचारायचा, आज कोणाकोणाचे फोन आले, दाखव. आधी तिला गंमत वाटली, मग तिने दाखवणं बंद केलं, आणि त्यावर तो जे बोलला ते ऐकून ती म्हणाली, मला नाही करायचं हे लग्न. मला तिचं पटलं. मिस्टरांनी फोन कानाला लावला, सगळं ऐकून घेतलं आणि एक शब्द न बोलता फोन माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढून ते आर्वीपासून आंजीपर्यंत सगळ्या सोयऱ्यांकडे गेले आणि येऊ नका म्हणून सांगून आले.

त्या दिवसापासून त्यांनी प्राचीशी बोलणं सोडलं.

भांडण नाही, आरडाओरडा नाही. तिचा फोन आला की माझ्याकडे सरकवायचा. दिवाळीत ती घरी आली तेव्हा ताटावर समोरासमोर बसलेले असताना मला म्हणायचे, "तिले इचार, भाजी पाह्यजे का." मी विचारायची. ती म्हणायची, "नको म्हणून सांग." सात महिने मी या दोघांमध्ये निरोप नेत होते. शाळेत साठ पोरांना सांभाळून येणं सोपं वाटायचं.

गोव्याची तिकिटं प्राचीनेच काढली होती. मिस्टर नाही म्हणणार असं मी धरून चालले होते. पण मी म्हटलं, "अहो, माही पन्नाशी आली. समुद्र पाह्यला नाई म्या अजून." संध्याकाळी ते माझ्या दिराला म्हणाले, "चार दिवस वावर पाहून घेजो." सोयाबीन घरात आलं होतं, कपाशीची पहिली वेचणी झाली होती. भाऊबीज आटोपून आम्ही वर्ध्याहून गाडीत बसलो.

*मांद्रे, पहिली संध्याकाळ*

प्रवासाचं काही सांगत नाही, लांब आहे एवढंच. मांद्रे हे उत्तर गोव्यातलं गाव, आमची खोली एका घराच्या मागच्या बाजूला, माडांच्या बागेत. मिस्टरांनी पिशवी खाली ठेवली आणि आधी माडांची आळी पाहिली. घरमालकाला विचारलं, "क्यों भाऊ, इसको पानी कितने दिन से देते?" तो म्हणाला, पावसाळ्यात द्यावंच लागत नाही, उन्हाळ्यात देतो. मिस्टरांनी मान हलवली. आमच्याकडे संत्र्याच्या बागेला पाणी देण्यासाठी माणूस रात्रीची झोप सोडतो, आणि इथे झाडं समुद्राच्या काठावर आपली आपण उभी, हे त्यांच्या मनाला पटेना.

मग समुद्र. मला वाटलं होतं, आधी आवाज येईल आणि मग दिसेल. झालं उलटं. माडांमधून एकदम समोर पाणी दिसलं, आणि आवाज नंतर जाणवला. मी चपला हातात घेऊन ओल्या वाळूत उभी राहिले. पाणी पायावर आलं, परत गेलं आणि जाताना तळव्यांखालची वाळू ओढून घेऊन गेलं. मी घाबरून प्राचीचा हात धरला. मिस्टर दहा पावलं मागे कोरड्या वाळूत उभे होते. पुढे येऊन त्यांनी बोट बुडवून चाखलं मात्र, आणि मला म्हणाले, "खारट हाय."

जेवायला जवळच्या खानावळीत गेलो. ताटात भाताचा डोंगर, नारळाची आमटी, तळलेले बांगडे आणि आमसुलाची गुलाबी सोलकढी. मिस्टरांना माशाचा वास सोसला नाही. त्यांनी खिशातून शेंगदाण्याची तिखट चटणी काढली आणि आमटीभातावर घातली. वाढणाऱ्या बाईने वास घेऊन चटणी मागितली, चिमूटभर खाल्ली, आणि मग बराच वेळ पाणी पीत राहिली. परत आली ती त्यांच्यासाठी बटाट्याची भाजी घेऊन. "जेवा तुमी," म्हणाली, आणि पैसे त्या भाजीचे लावलेच नाहीत.

त्या जेवणातच प्राचीने सांगितलं. उद्या सकाळी सर्फिंगचा वर्ग आहे, नवख्यांसाठी, दोन दिवसांचा, आणि तिने तिघांची नावं दिली आहेत.

मिस्टर माझ्याकडे पाहून म्हणाले, "तिले सांग, मी काई माकडासारखा उड्या मारायले येत नाई."

"मंग मी जातो," मी म्हटलं. का म्हटलं ते आजही सांगता येणार नाही. कदाचित निरोप पोचवून पोचवून कंटाळले होते.

*वाळूवर*

सकाळी सातला मी खोलीचं दार उघडलं तर मिस्टर पायरीवर तयार बसलेले. हाफ पँट घातलेली, ती शेतात फवारणीला वापरतात ती.

"तुमी कुठी?" मी विचारलं.

"दोघी पाण्यात जाता, अन् मी काय काठावर बसून पाहू? काई झालं तं? मले पोहता येते. तुमाले येत नाई."

हे खरं होतं. लहानपणी ते विहिरीत वरच्या पायरीवरून सूर मारायचे. मला आणि प्राचीला पाण्यात उतरायची कधी गरजच पडली नव्हती.

शिकवणारा नेल्सन तिथलाच, तिशीचा, उन्हाने काळवंडलेला, बोलायला फार हळू. आमच्याशिवाय हैदराबादच्या दोन बहिणी होत्या आणि बेळगावचे एक बँकेतले गृहस्थ. सगळ्यांना सारखे पिवळे शर्ट दिले. माझा शर्ट डोक्यातून खाली येताना कानाशीच अडकला आणि हैदराबादच्या दोघींनी दोन बाजूंनी ओढून तो खाली आणला. मंगळसूत्र काढून ठेवा, नेल्सन म्हणाला. मी कधी काढलं नव्हतं. प्राचीने ते आपल्या रुमालात बांधून काठावरच्या चहाच्या टपरीतल्या बाईकडे दिलं. मिस्टरांना चष्माही काढावा लागला. त्यांचा नंबर मोठा आहे. चष्मा काढल्याबरोबर ते जरा लहान दिसायला लागले, हातही थोडे पुढे धरून चालायला लागले.

पाण्यात जाण्याआधी अर्धा तास वाळूतच. वाळूवर बोटाने फळीचा आकार काढायचा, त्यावर पालथं झोपायचं, हातांनी वाळू मागे ओढायची, मग छातीशी हात टेकून एका झटक्यात उभं राहायचं. बेळगावचे गृहस्थ दरवेळी उभे राहून आम्हाला नमस्कार करायचे, का कोण जाणे. मला उठायला चार टप्पे लागत होते. आधी गुडघा, मग हात, मग दुसरा गुडघा, मग "अगं माय". नेल्सन म्हणाला, "आंटी, जातलें. होईल."

मग त्याने दोन गोष्टी दोनदा सांगितल्या. पडलात तर उताणं, पसरून पडा, डोकं आधी नको, आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर. आणि दुसरी, "बोर्ड कभी अपने और लहर के बीच में मत रखना. साइड में रखो. नहीं तो लहर बोर्ड को उठाकर आपके मुँह पे मारेगी."

"समजा," मिस्टर म्हणाले.

*पाण्यात*

फळीला एक लांब रबरी दोरी असते, ती घोट्याला बांधतात. फळी हातातून सुटली तर लाट तिला लांब नेत नाही. ती दोरी बांधून आम्ही कमरेएवढ्या पाण्यात गेलो. नेल्सन एकेकाची फळी धरून लाटेची वाट पाहायचा आणि ढकलून द्यायचा. फेसाचं पाणी मागून यायचं आणि फळी पुढे पळायची. मी पहिल्यांदा पालथीच काठापर्यंत गेले आणि वाळूत तोंड लागल्यावर थांबले. नाकात, कानात, केसांत वाळू. पण मी हसत होते. इतकं हसले की हैदराबादची थोरली मला विचारायला आली, ठीक आहे ना म्हणून.

प्राची दुसऱ्याच खेपेला गुडघ्यांवर आली. मिस्टर मात्र एका बाजूला फळी धरून उभे होते. प्रत्येक लाट आली की ते फळी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरायचे, आपल्या शेतातलं काही वाहून जात असल्यासारखी.

"हे पाणी ढकलते वं," ते मला म्हणाले. "विहिरीचं पाणी असं नसते."

मी म्हटलं, "मंग बाहेर चला."

"नाई. तुमी आहा तोवर आहो."

आमच्या दोघांमध्ये मग अंतर पडलं. मला नेल्सनने पुन्हा ढकललं, मी काठावर गेले. मागे वळून पाहिलं तर मिस्टर लाटेकडे तोंड करून उभे, आणि फळी आडवी, त्यांच्या आणि लाटेच्या मध्ये. मी ओरडले. माझं ओरडणं मलाच नीट ऐकू आलं नाही, एवढा पाण्याचा आवाज.

लाट मोठी नव्हती. माझ्या खांद्याएवढी असेल. तिने फळी उचलली, ती त्यांच्या तोंडावर बसली, आणि मिस्टर दिसेनासे झाले.

ते किती वेळ पाण्याखाली होते ते मला माहीत नाही. नेल्सन नंतर म्हणाला, चार-पाच सेकंद. मी पाण्यात पळत होते. पाण्यात पळता येत नाही, नुसते पाय हलतात. मग ते वर आले, डोळे मिटलेले, तोंडातून रक्त, आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहायला लागले. कुठे काठ आणि कुठे खोल पाणी, त्यांना कळत नव्हतं. चष्मा नव्हता. आणि ती रबरी दोरी त्यांच्या दोन्ही पायांना गुंडाळली गेली होती. एक पाऊल टाकलं की पुन्हा पडायचे.

"प्राची!" ते ओरडले. "ए प्राची! कुठी हायेस तू? मले काई दिसत नाई वं!"

मला हाक मारली नाही. प्राचीला मारली.

ती जवळच होती. तिने आपली फळी सोडली आणि त्यांच्या काखेत हात घातला. "इथंच आहो बाबा. इथंच आहो. पाय नका हलवू." पुढची लाट त्या दोघांच्या डोक्यावरून गेली. ती गेल्यावर दोघंही उभे होते. नेल्सन पोचला, त्याने पाण्यात बुडी मारून त्यांच्या घोट्याची पट्टी सोडवली. मी पोचले तोवर मिस्टर प्राचीचा हात मनगटाजवळ धरून काठाकडे येत होते. एवढा घट्ट, की दुपारपर्यंत तिच्या मनगटावर बोटांचे वळ दिसत होते.

*टपरी*

ओठ आतून फाटला होता. दात शाबूत होते. टपरीवरच्या बाईने बर्फ फडक्यात बांधून दिला. नेल्सनने दोनदा माफी मागितली तर मिस्टरांनी हात जोडले, "तुमने बोला था भाऊ. हमनेच नही सुना." चष्मा लावल्यावर त्यांनी आधी प्राचीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आम्ही तिघं बाकावर बसलो. चहा आला. मी कप तसाच बाकावर ठेवला. मी मनात म्हणत होते, आता हे काय बोलणार. "तिले सांग" म्हणाले तर मी उठून जाणार होते. खरंच जाणार होते.

ते म्हणाले, "प्राची, म्या तुले एक सांगतलं नाई."

ती त्यांच्याकडे वळून बसली.

"मी हिंगणघाटले गेलतो ना, त्या पोराच्या दुकानात. साक्षगंधाचं कापड पाहायले. तिथं एक म्हातारा नोकर होता. त्यानं चुकीचा तागा काढला, तं तो पोरगा समद्या गिऱ्हाइकांपुढं त्याले असं बोलला, असं बोलला, का मले मान खाली घालावी लागली. मले तवाच वाटलं, हा पोट्टा बरा नाई. पण मी सोताले समजावलं, का मोठ्या घरचं पोरगं हाय, असते असं. तुले नाई सांगतलं. तुह्या आईलेबी नाई सांगतलं."

हे मला खरंच माहीत नव्हतं.

"मंग तुहा फोन आला. तू जे सांगतलं ते मले आधीच दिसलं होतं बेटा. कोणत्या तोंडानं बोलू तुह्याशी?"

मला वाटलं आता प्राची रडेल, त्यांच्या गळ्यात पडेल. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सात महिने, बाबा! मी समजून राह्यली होती का मी तुमची इज्जत घालवली. रोज समजून राह्यली होती. आणि तुम्ही मनात म्हणत होता की माझं बरोबर आहे?"

"हाव."

"मग एकदा सांगायचं होतं ना!"

ती पाण्याच्या कडेने चालत निघून गेली. बरीच लांब गेली, पिवळा ठिपका झाली. मिस्टर उठायला लागले. मी त्यांना बसवलं. "राहू द्या. येते ते." मला राग आला होता का? आला होता. पण राग येऊनही आतून हलकं वाटत होतं. निदान आता कोणाला काय वाटतं ते माझ्यातून जाणार नव्हतं.

अर्ध्या तासाने ती परत आली. डोळे लाल होते. बाकावर बसली, त्यांच्या ओठावरचं बर्फाचं फडकं काढून पाहिलं आणि म्हणाली, "सूज वाढली आहे. दुसरा बर्फ आणते."

दुपारी त्याच खानावळीत गेलो. आज मिस्टरांनी बांगड्याचा एक तुकडा घेतला. ओठ दुखत असल्याने हळूहळू खात होते. प्राचीने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आई, बाबांना सांग, मीठ द्या."

मिस्टरांचा घास हातातच राहिला. मग ते असे हसायला लागले की ओठातून पुन्हा रक्त आलं. वाढणारी बाई धावत आली, तिला वाटलं काटा अडकला. प्राची हसत होती, रडतही होती. मी एकटीच मीठ शोधत होते.

*दुसरा दिवस*

मला वाटलं मिस्टर आता पाण्याजवळ फिरकणार नाहीत. पण सकाळी त्यांनी नेल्सनला स्वतःहून विचारलं, "आज बोर्ड किधर रखनेका, फिरसे बताओ." आणि चष्म्याला मागून बांधायला सुतळी मागितली. नेल्सन हसला, त्याने चष्म्याची रबरी पट्टी आणून दिली. पाण्यात जाण्याआधी हैदराबादच्या धाकटीने आमचा फोटो काढला. तोच तो, जो मी शाळेत दाखवला.

समुद्र आदल्या दिवसापेक्षा शांत होता. मिस्टर गुडघ्यांवर दोनदा आले आणि एकदा अर्धे उभे राहिले. त्यांचं तेवढ्यावर समाधान झालं. मग ते आणि प्राची फळ्या बाजूला धरून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि बोलायला लागले. काय बोलत होते ते मला ऐकू येत नव्हतं. मध्येच ती हात हलवून काही सांगायची, ते मान हलवायचे. एकदा त्यांनी लाटेकडे बोट दाखवलं, तिने फळी वळवली, दोघांनी लाट जाऊ दिली आणि पुन्हा बोलायला लागले. सात महिन्यांचं होतं, वेळ लागणारच.

माझी शेवटची पाळी आली. नेल्सनने फळी धरली, मागे पाहिलं. "आंटी, ये अच्छी है." ढकललं. मी हात टेकले. गुडघा टेकला नाही. कसा टेकला नाही ते मला माहीत नाही, पण पुढचा पाय आपोआप हाताशेजारी आला, मागचा त्याच्या मागे, आणि मी उभी होते. हात पसरलेले, पाय थरथरत, फळी खालून सरळ पळत होती. सात-आठ हात गेले असेन. वारा तोंडावर येत होता. त्या दोघांच्या शेजारून मी उभी गेले.

त्यांची माझ्याकडे पाठ होती. प्राची काहीतरी सांगत होती आणि मिस्टर वाकून ऐकत होते.

काठाशी फळी थांबली आणि मी पाण्यात बसले, गुडघ्याएवढ्या. नेल्सनने लांबून दोन्ही हात वर केले आणि त्या दोघांना सांगण्यासाठी तोंडाशी हात नेला. मी बोटाने त्याला खुणावलं, नको. त्याला कळलं. त्याने हात खाली घेतला.

पायाची पट्टी सोडून मी फळी वाळूत ओढली आणि तिच्याशेजारी बसले. अंगावरचं पाणी वाळायला लागलं तशी कातडीवर मीठ जाणवत होतं. हैदराबादची थोरली जाताना हात हलवून गेली. टपरीवरची बाई चहा हवा का विचारून गेली, मी म्हटलं, थांबा जरा, तिघांचा एकदमच घेऊ. ते दोघं अजून पाण्यात बोलत होते. मी पाय पसरले आणि बसून राहिले.